मायक्रोकंट्रोलर बोर्डांच्या यूएसबी जोडणीतील दोषशोधन

मायक्रोकंट्रोलर बोर्डांच्या यूएसबी जोडणीतील दोषशोधन म्हणजे स्वतः आराखडा करून बनवलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड यूएसबी केबलने जोडल्यावर संगणकाकडून ओळखला जात नसेल, तर त्याचे कारण क्रमाने शोधण्याची पद्धत होय. बाजारातील तयार बोर्डांवर यूएसबीचा भाग आधीच पारखलेला असतो. स्वनिर्मित बोर्डावर मात्र कनेक्टर, रेझिस्टर, क्रिस्टल, वीजपुरवठा, सोल्डरिंग आणि फर्मवेअर हे सर्व एकाच वेळी प्रथमच तपासले जात असतात. यांपैकी कोणत्याही एकात चूक असली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळपास सारखाच असतो. बोर्ड दिसत नाही, किंवा ‘अपरिचित उपकरण’ अशी सूचना येते. त्यामुळे एखादा रेझिस्टर राहून गेला असताना फर्मवेअर पुन्हा पुन्हा लिहिले जाणे, अथवा आराखडा निर्दोष असताना बोर्डांची नवी खेप मागवली जाणे, असे प्रकार सर्रास घडतात.

यूएसबी जोडणी ही एकच घटना नसून ठराविक टप्प्यांची साखळी आहे. ही साखळी कोठपर्यंत पोहोचली हे कळले की दोषाचे क्षेत्र बरेचसे निश्चित होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः यूएसबी २.० मानकातील ‘फुल-स्पीड’ म्हणजे १२ मेगाबिट प्रति सेकंद वेगाच्या जोडणीचा विचार केला आहे, कारण एसटीएम३२, आरपी२०४०, एटीमेगा३२यू४ यांसारख्या प्रचलित मायक्रोकंट्रोलरांमध्ये प्रामुख्याने तीच वापरली जाते.

ओळखप्रक्रियेचे टप्पे

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: ५ व्होल्टची वीज, जमीन अर्थात ग्राउंड, आणि माहितीसाठी डी-प्लस व डी-मायनस. संगणकाच्या बाजूला डी-प्लस आणि डी-मायनस या दोन्ही तारा प्रत्येकी सुमारे १५ किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे ओढलेल्या असतात. त्यामुळे काहीही जोडलेले नसताना दोन्ही तारांवर शून्य व्होल्ट असतो. फुल-स्पीड उपकरण डी-प्लस तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे वर खेचते. लो-स्पीड म्हणजे १.५ मेगाबिट प्रति सेकंद वेगाचे उपकरण हेच डी-मायनस तारेवर करते. कोणती तार वर गेली यावरूनच संगणकाला उपकरण आल्याचे आणि त्याच्या वेगाचे ज्ञान होते. या क्षणापर्यंत एकही बिट पाठवला गेलेला नसतो.

यानंतर संगणक जोडणी स्थिर होण्यासाठी किमान १०० मिलिसेकंद थांबतो आणि दोन्ही तारा काही काळ शून्यावर धरून उपकरणाला रीसेट करतो. रीसेट झालेले उपकरण शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर उत्तर देऊ लागते. संगणक त्याच्याकडे १८ बाइटांचा उपकरण-डिस्क्रिप्टर मागतो, त्याला स्वतंत्र पत्ता देतो, मग त्या नव्या पत्त्यावर पूर्ण डिस्क्रिप्टर, रचनेचा डिस्क्रिप्टर व नावांची अक्षरमाला मागवतो आणि शेवटी रचना निश्चित करून योग्य ड्रायव्हर जोडतो. या सर्व प्रक्रियेला ‘एन्युमरेशन’ म्हणतात.

संगणकाच्या नोंदी वाचणे

दोषशोधनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित मार्ग म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी. लिनक्सवर कर्नलच्या नोंदी ‘डीमेसेज’ आज्ञेने पाहता येतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर त्रोटक माहिती देतो. डिस्क्रिप्टर न मिळाल्यास तेथे ४३ हा दोषक्रमांक दिसतो, पण त्यापुढे फारसे काही कळत नाही. म्हणून विंडोजसाठीच बनवलेल्या बोर्डाचीही पहिली चाचणी लिनक्स संगणकावर करणे सोयीचे ठरते.

केबल जोडल्यावर नोंदींमध्ये एकही नवी ओळ आली नाही, तर संगणकाला बोर्ड जोडला गेल्याचेच कळलेले नाही. अशा वेळी डिस्क्रिप्टर तपासणे निरर्थक असते. केबल, वीज, पुल-अप रेझिस्टर आणि पुल-अप जर चिपच्या आत असेल तर फर्मवेअरने तो सुरू केला आहे की नाही, एवढ्याच गोष्टी पाहाव्या लागतात.

‘नवे फुल-स्पीड उपकरण’ अशा अर्थाची ओळ येऊन त्यानंतर त्रुटी येत असेल, तर पुल-अप काम करतो आहे आणि दोष त्यापुढील टप्प्यात आहे. बोर्ड फुल-स्पीडचा असूनही नोंदीत ‘लो-स्पीड उपकरण’ असे लिहून आले, तर डी-प्लस आणि डी-मायनस या तारांची अदलाबदल झाली आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पुल-अप चुकीच्या तारेवर पोहोचल्यामुळे संगणकाला उपकरण मंद वेगाचे वाटते आणि पुढचा संवाद अर्थातच जुळत नाही. कनेक्टरचे चिन्ह काढताना त्याचे चित्र समोरून पाहिले की मागून, या गोंधळातून ही चूक होते. तयार बोर्डावर ती दुरुस्त करण्यासाठी दोन्ही पट्ट्या धारदार पात्याने तोडून बारीक तारांनी आडव्या जोडाव्या लागतात. फुल-स्पीडला एवढी डागडुजी सहसा चालते, त्यामुळे निदान उरलेला बोर्ड तपासता येतो.

लिनक्सच्या त्रुटीक्रमांकांतही फरक आहे. वजा ७१ हा क्रमांक संवादाच्या पातळीवरील त्रुटी दर्शवतो: संगणकाला उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर वाचता आले नाही. घड्याळाची चुकीची वारंवारता, तुटकी माहिती-तार आणि खराब सोल्डर ही त्याची नेहमीची कारणे होत. वजा ११० म्हणजे वेळ संपणे. अनेक मायक्रोकंट्रोलरांतील यूएसबी यंत्रणा विनंतीची पोच स्वतःच देते आणि फर्मवेअर उत्तर तयार करेपर्यंत ‘अजून नाही’ असे कळवत राहते. म्हणून वजा ११० दिसल्यास विद्युतबाजू बहुधा ठीक असून फर्मवेअर कोठेतरी अडकले आहे, असे समजण्यास जागा असते. हा नियम अचूक नाही, परंतु शोधाची दिशा ठरवण्यास पुरेसा आहे.

केबल आणि टाइप-सी कनेक्टर

फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाच्या नोंदी कोऱ्या राहतात. ज्या केबलने दुसऱ्या एखाद्या उपकरणाची माहिती खरोखर हस्तांतरित झाली आहे, तीच केबल चाचणीसाठी वापरणे हा यावरील उपाय होय.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या टाइप-सी कनेक्टरमुळे एका नव्या चुकीची भर पडली. या कनेक्टरमध्ये सीसी१ आणि सीसी२ असे दोन पाय असतात आणि वीज घेणाऱ्या उपकरणाने या प्रत्येक पायापासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर द्यावा लागतो. हे रेझिस्टर नसल्यास दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर संगणक ५ व्होल्ट सोडतच नाही आणि बोर्ड पूर्ण निर्जीव दिसतो. टाइप-ए टोकाच्या जुन्या केबलवर मात्र वीज नेहमीच चालू असल्याने तोच बोर्ड व्यवस्थित चालतो. ‘एका केबलवर चालतो, दुसरीवर नाही’ ही तक्रार आली की दोष केबलचा असल्याचा समज होतो; प्रत्यक्षात तो आराखड्यात असतो.

दोन पायांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याची काटकसरही महागात पडते. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या लघुसंगणकाच्या पहिल्या आवृत्तीत नेमके हेच झाले होते. आत ओळखचिप असलेल्या काही केबलांमुळे चार्जरला तो संगणक म्हणजे ऑडिओ अ‍ॅडॉप्टर वाटे आणि तो वीज देत नसे. नंतरच्या आवृत्तीत ही चूक सुधारण्यात आली.

टाइप-सी कनेक्टरमध्ये डी-प्लस व डी-मायनससाठी प्रत्येकी दोन पाय असतात. बोर्डावर त्या जोड्या एकत्र केल्या नाहीत, तर प्लग एका बाजूने घातल्यावर बोर्ड दिसतो आणि उलटा घातल्यावर दिसत नाही.

पुल-अप रेझिस्टर आणि ‘ब्लू पिल’चे उदाहरण

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये अंतर्गत पुल-अप नाही. तो बाहेरून द्यावा लागतो. एसटीएम३२एफ०७२, एटीमेगा३२यू४, आरपी२०४० यांमध्ये तो चिपच्या आत असून फर्मवेअरने सुरू करावा लागतो. एका चिपसाठीचा आराखडा दुसरीवर जसाच्या तसा उचलल्यास एकतर पुल-अप राहून जातो किंवा दोन होतात.

पुल-अपचे मूल्य चुकल्यास काय होते याचे बहुपरिचित उदाहरण म्हणजे एसटीएम३२एफ१०३ वर आधारित, ‘ब्लू पिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला स्वस्त बोर्ड. याच्या अनेक प्रतींमध्ये आर१० या जागी १.५ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर असे. संगणकाकडील १५ किलोओहमशी मिळून तो व्होल्टेजची विभागणी करतो. १.५ किलोओहम असताना डी-प्लसवर ३.३ पैकी ३.० व्होल्ट पोहोचतात, तर १० किलोओहम असताना केवळ १.९८ व्होल्ट. मानकानुसार मोकळ्या तारेवर किमान २.७ व्होल्ट अपेक्षित आहेत. तरीही असे बोर्ड काही संगणकांवर चालत आणि काहींवर चालत नसत, कारण प्रत्येक यूएसबी पोर्टची प्रत्यक्ष संवेदनक्षमता थोडी वेगळी असते. म्हणजे बोर्ड एखाद्या संगणकावर चालला एवढ्यावरून तो बरोबर आहे, असा निष्कर्ष निघत नाही. आर१० न काढता त्याला समांतर १.८ किलोओहमचा रेझिस्टर जोडला की एकत्रित मूल्य सुमारे १.५ किलोओहम होते. ही दुरुस्ती बरीच रूढ आहे.

पुल-अप कायमचा जोडलेला असल्यास आणखी एक अडचण येते. फर्मवेअर नव्याने सुरू झाले तरी संगणकाच्या दृष्टीने उपकरण कधी निघालेच नव्हते, त्यामुळे तो पुन्हा ओळखप्रक्रिया सुरू करत नाही. म्हणून असे बोर्ड सुरुवातीलाच डी-प्लसचा पाय काही मिलिसेकंद शून्यावर धरून केबल काढल्याचा आभास निर्माण करतात.

माहिती-तारांवरील मालिका रेझिस्टरांचे मूल्य लहान असते. आरपी२०४० साठी ते २७ ओहम आहे. ते अगदी गाळले तरी आखूड केबलवर फुल-स्पीड जोडणी बहुधा चालते. मात्र जुळणीच्या वेळी २२ ओहमच्या जागी २२ किलोओहमचा भाग बसला, तर ती चालण्याची शक्यता नाही. अंतर्गत पुल-अप असलेल्या बोर्डावर अशा चुकीमुळे उपकरण आल्याचीही नोंद होत नाही.

घड्याळाची अचूकता

फुल-स्पीड उपकरणाचा वेग १२ मेगाबिटांपासून ०.२५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. लो-स्पीडसाठी ही मर्यादा १.५ टक्के आहे. मायक्रोकंट्रोलरमधील साधा अंतर्गत आरसी दोलक सहसा एक टक्क्याच्या आसपास अचूक असतो, म्हणजे मर्यादेच्या चौपट चुकू शकतो. सिरियल पोर्टसाठी तो पुरतो, यूएसबीसाठी नाही. म्हणून बाहेरील क्रिस्टल लागतो. एसटीएम३२एफ०७२ सारख्या काही चिपांत मात्र संगणक दर मिलिसेकंदाला पाठवत असलेल्या संकेतावरून अंतर्गत ४८ मेगाहर्ट्‌झ दोलक सतत सुधारून घेण्याची सोय असते आणि तेथे क्रिस्टल वगळता येतो. ही सोय फर्मवेअरमध्ये सुरू करणे विसरल्यास जोडणी खोलीच्या तापमानानुसार कधी जमते, कधी जमत नाही.

प्रत्यक्षात क्रिस्टलची सूक्ष्म अचूकता क्वचितच आड येते. त्याच्या दोन बाजूंच्या कपॅसिटरांचे मूल्य थोडे चुकल्याने वारंवारता दशलक्षात काही दशकांनी सरकते, तर यूएसबीची मर्यादा दशलक्षात २,५०० आहे. त्या कपॅसिटरांवर होणारी प्रदीर्घ चर्चा यूएसबीपुरती तरी अनाठायी म्हणावी लागेल. खरा धोका दोलक सुरूच न होण्याचा असतो. त्याहून अधिक वेळा आढळणारी चूक म्हणजे बोर्डावरील क्रिस्टल एक आणि फर्मवेअरने गृहीत धरलेला दुसरा. एसटीएम३२एफ१०३ च्या नेहमीच्या रचनेत ८ मेगाहर्ट्‌झला ९ ने गुणून ७२ आणि त्याला १.५ ने भागून ४८ मेगाहर्ट्‌झचे यूएसबी घड्याळ मिळते. बोर्डावर १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल, तर हेच गणित यूएसबीला ७२ मेगाहर्ट्‌झ देते. पुल-अपमुळे संगणकाला उपकरण दिसते, पण वजा ७१ पलीकडे काही सरकत नाही. एखादा पाय दर सेकंदाला चालू-बंद करणारा छोटा कार्यक्रम लिहून त्याचा काळ मोजला, तर मुख्य घड्याळातील असा मोठा फरक उघडकीस येतो.

वीज आणि सोल्डरिंग

मानकानुसार रचना निश्चित होण्यापूर्वी उपकरणाने १०० मिलिअँपिअरपर्यंत आणि नंतर मागणी केल्यास ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घ्यावी. ५ व्होल्टच्या तारेवर १ ते १० मायक्रोफॅरडच्या दरम्यान कपॅसिटर असावेत. याहून फार मोठा कपॅसिटर थेट लावल्यास जोडणीच्या क्षणी व्होल्टेज खचतो आणि चिप पुन्हा पुन्हा रीसेट होऊ शकते. पहिल्यांदा केबल जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना हे पाहणे, आणि पहिली जोडणी थेट संगणकाऐवजी एखाद्या हबमधून करणे इष्ट असते.

प्रत्येक चिपच्या काही खास गरजा असतात. एटीमेगा३२यू४ च्या यूकॅप या पायावर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, कारण तेथे यूएसबीसाठीचा अंतर्गत ३.३ व्होल्ट तयार होतो. आरपी२०४० मध्ये यूएसबीसाठी वेगळा ३.३ व्होल्टचा पाय आहे. शिवाय त्या चिपला कडेला ग्राउंडचा एकही पाय नाही. पोटाखालचा चौकोनी पॅड हेच तिचे एकमेव ग्राउंड आहे. हाताने सोल्डर केलेल्या बोर्डांत कडेचे सर्व पाय चकचकीत दिसतात आणि चिप मात्र निपचित राहते, त्यामागे बऱ्याचदा हाच न जुळलेला पॅड असतो. हाताने जुळणी करायची असल्यास त्या पॅडखाली एक मोठे छिद्र ठेवून मागील बाजूने सोल्डर भरण्याची युक्ती वापरली जाते.

रॉममधील बूटलोडरचा उपयोग

दोष बोर्डात आहे की फर्मवेअरमध्ये, या मुख्य प्रश्नाचे उत्तर अनेक चिपांच्या बाबतीत काही मिनिटांत मिळू शकते. उत्पादकाने चिपच्या रॉममध्ये यूएसबी बोलणारा बूटलोडर ठेवलेला असतो आणि तो चालतो हे गृहीत धरता येते. आरपी२०४० च्या बाहेरील फ्लॅश चिपचा निवड-पाय सुरुवातीच्या क्षणी ग्राउंडशी जोडला, किंवा फ्लॅश कोरी असली, तरी ती चिप संगणकावर ‘आरपीआय-आरपी२’ नावाची डिस्क म्हणून उघडते. कोरा आरपी२०४० बोर्ड असा दिसला नाही, तर दोष निश्चितपणे बोर्डाचा आहे. एसटीएम३२ कुटुंबातील अनेक चिपांमध्ये बूट० हा पाय ३.३ व्होल्टला जोडून सुरू केल्यास डीएफयू उपकरण दिसते.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. एसटीएम३२एफ१०३ च्या रॉममध्ये केवळ सिरियल पोर्टचा बूटलोडर आहे, त्यामुळे त्यावर डीएफयू दिसत नाही म्हणून बोर्ड खराब ठरवणे चूक होय. तसेच आरपी२०४० चा बूटलोडर १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल गृहीत धरतो. दुसऱ्या वारंवारतेचा क्रिस्टल बसवलेला बोर्ड या परीक्षेत नापासच होणार.

फर्मवेअरमधील चुका

बूटलोडर दिसतो पण स्वतःचे फर्मवेअर दिसत नाही, अशी स्थिती असल्यास शोध सॉफ्टवेअरकडे वळतो. यूएसबीचा इंटरप्ट सुरू न करणे, किंवा त्याच्या कार्याचे नाव चुकल्यामुळे तो रिकाम्या अनंत चक्रात जाणे, ही नेहमीची कारणे आहेत. एसटीएम३२एफ४ मालिकेत ५ व्होल्टची चाहूल घेण्याची सोय सुरू असेल, पण पीए९ हा पाय बोर्डावर त्या तारेला जोडलेलाच नसेल, तर चिप केबल जोडलेली नाही असे समजून पुल-अप देत नाही. हा दोष बाहेरून थेट तुटलेल्या तारेसारखा दिसतो.

डिस्क्रिप्टरमधील चुकांत रचनेच्या डिस्क्रिप्टरची एकूण लांबी प्रत्यक्षाशी न जुळणे ही सर्वांत नित्याची आहे. एखादा इंटरफेस वाढवला जातो आणि वरची बेरीज तशीच राहते. पत्ता बदलण्याच्या वेळेचाही घोटाळा होतो: नवा पत्ता विनंतीची पोच दिल्यानंतर अमलात यायला हवा. फर्मवेअरने तो आधीच बदलला तर पोच चुकीच्या पत्त्यावरून जाते आणि संगणक ती स्वीकारत नाही. काही चिपांत हा क्रम यंत्रणाच सांभाळते, म्हणून एका चिपवर चाललेला कोड दुसरीवर अडतो.

दोष शोधण्याच्या प्रयत्नातूनही दोष निर्माण होतो. डीबगरने ओळखप्रक्रियेच्या मध्ये प्रोसेसर थांबवला, तर संगणक वाट पाहून जोडणी सोडून देतो. इंटरप्टच्या आत मंद सिरियल पोर्टवर संदेश छापल्यानेही हेच होते. त्याऐवजी घटना मेमरीतील छोट्या यादीत नोंदवून नंतर वाचणे योग्य.

मोजमापाची साधने

ऑसिलोस्कोप असल्यास तीन गोष्टी पाहाव्यात: जोडताच डी-प्लस सुमारे ३ व्होल्टवर जातो का, त्यानंतर दोन्ही तारा काही काळ शून्यावर जाणारा रीसेट दिसतो का, आणि मग दर मिलिसेकंदाला संगणकाचे संकेत येतात का. स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेतात. १२ मेगाबिटांच्या संकेतासाठी प्रत्येक बिटामागे ते दोनच नमुने होतात आणि उलगडा विश्वासार्ह राहत नाही. पत्ता मिळाल्यानंतरचा संवाद वायरशार्क या मुक्त सॉफ्टवेअरने संगणकाच्या बाजूनेच टिपता येतो. त्यापूर्वीच्या विद्युत दोषांबाबत मात्र ते निरुपयोगी आहे.

ओळख झाल्यानंतरच्या अडचणी

बोर्डाचे नाव यादीत दिसते पण पोर्ट उघडत नाही, ही तक्रार वरील सर्वांपेक्षा वेगळी आहे. विंडोज १० पासून सीडीसी वर्गातील सिरियल उपकरणांसाठी ड्रायव्हर आपोआप जोडला जातो. त्याआधीच्या आवृत्त्यांत वेगळी माहिती-फाइल द्यावी लागे. लिनक्सवर पोर्ट वापरण्याची परवानगी नसणे हे सर्वसाधारण कारण आहे. विकासाच्या काळात उत्पादक क्रमांक व उत्पादन क्रमांक तेच ठेवून उपकरणाची रचना बदलली, तर विंडोज जुनीच माहिती वापरत राहण्याची शक्यता असते. डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण काढून टाकल्यावर किंवा उत्पादन क्रमांक बदलल्यावर बोर्ड नव्याने ओळखला जातो.